सात नंबर

कन्नडच्या घाटात अकरा खांब पुरलेत आम्ही.
प्रत्येकाच्या पोटात एक डबी, डोक्यावर हातभर सोलरची पाटी.
दर पंधरा मिनिटांनी ते एवढंच सांगतात,
उतार किती कलला.
मी खाली ऑफिसात बसून ऐकतो.
महिना अठरा हजार, कंत्राटी.

सात नंबरवर वानरं बसतात.
आकडा उडी मारतो, वानर उतरलं
की गुमान जागेवर येतो.
धावजीच्या शेळ्या अंग घासतात तेव्हाही तसंच.
आता मला वानर वेगळं कळतं, शेळी वेगळी,
ट्रकचा ब्रेक वेगळा.

आई औशाकडची.
त्र्याण्णवच्या सप्टेंबरनंतर ती उशाशी
स्टीलचे तीन पेले रचून निजायची,
बुडावर बूड, तोंडावर तोंड.
जमीन हललीच तर आधी ते बोलतील.
मांजर धडकलं तरी सगळं घर अंगणात.
बाप चिडायचा. ती पुन्हा रचायची.
नोकरी लागली तेव्हा म्हणाली, तिथं काय करतूस रे?
म्हटलं, पेले लावतो.

परवा रात्री पावणेदोनला सात नंबर म्हणाला, पॉइंट तीन.
म्हटलं, वानर.
दोनला, पॉइंट नऊ.
एवढ्या रात्री वानरं झाडावर असतात
हे मला उशिरा आठवलं.
सव्वादोनला, दोन पॉइंट एक.

मुरमाखालचा तो लाल थर
चार दिवस पाणी पिऊन
साबणासारखा झाला असणार.
गफूरला फोन लावला, नाका पाड.
वर कांद्याच्या गाड्या, खाली सरकीच्या.
त्याच्या हातातून फोन ओढून एक ड्रायव्हर,
"काय पडलंय का?"
"नाही."
"मंग काहून अडवलं?"
याला उत्तर असतं,
पण ते पॉइंटच्या पुढं असतं.

उजाडलं. एक खडासुद्धा रस्त्यावर नाही.
डोंगर न्हाऊन हिरवागार, साळसूद.
साहेबांनी लेखी खुलासा मागितला.

तीन दिवस झाले, कागदावर फक्त तारीख आहे.
वानर उतरलं की आकडा परत येतो, साहेब.
हा आलेला नाही.
आत्ताही दोन पॉइंट एक.
डोंगर पडला नाही, खरंय.
पण होता तिथं तो आता नाही.

धावजीनं शेळ्या त्या अंगाला न्यायचं सोडलंय.
त्याला कुणी सांगितलं,
मी विचारलं नाही.