फळातला फ

जयगडच्या जेटीवर क्रेन उभारायला आलेला
ओ ग्योंग-ह्वान, वय बेचाळीस,
रोज साडेपाचला गेस्टहाऊसच्या व्हरांड्यात
चाळीस शब्द मांडून बसतो.
मी तवसाळहून फेरीबोटीने येते,
तासाचे तीनशे घेते
आणि शेवटची बोट सुटायच्या आत उठते.

परीक्षा नोव्हेंबरात.
वही चौकटींची, पेन्सिलीला सुईसारखं टोक.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे त्याची भाषा,
मधली पट्टी कोरी.
ही कशाला?
तर म्हणाला, पाठ झाल्यावर नाही,
समजल्यावर भरायची.

इफेमरल, म्हणते मी.
इफेमरल, म्हणतो तो,
पण त्याचा फ वेगळा.
दात खालच्या ओठावर टेकव, मी करून दाखवते.
त्याचे ओठ मिटतात, फुटतात,
आणि मला ऐकू येतो फळातला फ,
फणसातला, चुलीपुढच्या फाटीतला,
जो मी रत्नागिरीला कॉलेजात जाऊन
फाइल, फॅन, फॉर्म करता करता
कुठेतरी सांडून आले.
आता कुणी कुणाला दुरुस्त करायचं?
मी पुढच्या शब्दावर जाते.

रिलक्टंट.
र आणि ल त्याच्या तोंडात एकमेकांच्या जागी बसतात,
जिभेची तारांबळ उडते.
अर्थ सांगते: करायचं तर असतं,
पण आतून पाय निघत नाही.
"ऑफिस," तो म्हणतो,
आणि पहिल्यांदाच हसतो.

एकदा त्याने वाक्य जुळवलं:
आय यस्टर्डे सी टू लेट वेन्ट.
लाल पेन उचललं
आणि लक्षात आलं, मीही असंच म्हणेन,
मी काल समुद्राकडे उशिरा गेले.
शब्दाखाली शब्द, जागच्या जागी.
दोघांचंही क्रियापद शेवटी.
जाळं पुरतं ओढून होईपर्यंत
कळायचं नाही आत काय आहे ते.
तरी लाल रेघ मारली. पैसे त्याचेच घेत होते.

सप्टेंबरात यादीत एब आला,
एवढ्या अवघड शब्दांत तीन अक्षरांचा,
चुकून मोठ्यांच्या पंगतीत बसल्यासारखा.
सुकती, मी म्हटलं,
आणि बोटाने खाडी दाखवली.
पाणी गेलं होतं. चिखल उघडा, लांबवर चकचकीत,
त्यात साडी खोचून वाकलेली
चंद्रप्रभा डोर्लेकर, कमरेला टोपली.
त्याने बूट काढले. मोजे घडी करून बुटात घातले.
आणि गेला.

मी काठावर, वही हातात.
त्याने तिला चिखलातली दोन बारीक भोकं दाखवली,
शेजारी शेजारी.
ती म्हणाली, माहीत आहे मला, तू कोण सांगणारा?
अर्थात मराठीत.
त्याने बोटं खुपसली, शिंपला वर काढला:
"बाजिराक."
"तिसरी," ती म्हणाली.
"रांधतोस कशी रे?"
त्याने दोन्ही तळवे जोडले, वर वाफ काढली,
तळवे सावकाश उघडले.
"आम्ही खोबरं घालतो," ती म्हणाली.
तो मान डोलवत राहिला.
तासातली चाळीस मिनिटं अशी गेली
आणि माझ्याकडे भाषांतर करण्यासारखं
काहीच नव्हतं.

परत येताना, घोट्यापर्यंत काळा,
तो इंग्रजीत म्हणाला,
"माय मदर, विंटर, दिस मड..."
मी क्रियापदाची वाट पाहिली.
ते आलं नाही.
भूतकाळ मीच शिकवला होता त्याला,
तीन प्रकारचा, उदाहरणांसकट.

परीक्षेत किती पडले, त्याने सांगितलं नाही.
क्रेन उभी राहिली, तो गेला.
वही मागे ठेवली त्याने, की विसरला, कोण जाणे.
मधली पट्टी सगळी कोरी,
एका ठिकाणी सोडून:
दोन टिंबं, शेजारी शेजारी.

फेब्रुवारीत मेसेज आला,
त्याच्या गावच्या किनाऱ्याचा फोटो, राखाडी,
खाली एक ओळ:
टाइड हिअर इज रिलक्टंट.

सुकतीला मन नसतं,
हा शब्द माणसांना लावायचा,
असं कळवायला हवं होतं.
फेरीबोटीचा भोंगा झाला.
मी घाईघाईत लिहिलं, करेक्ट,
आणि फळीवर पाय ठेवला.