कुठला महिना

ताम्पेरेला जायचं तर कधी जावं,
यावर आमच्या घरात पाडव्यापासून वाद चाललाय.

श्रावंती म्हणते, जूनमध्ये या नाना,
रात्री अकराला ऊन असतं इथं.
मी म्हटलं, पोरी,
सोलापूरच्या माणसाला ऊन दाखवायला
एवढं भाडं भरायचं?
आज अशोक चौकात डांबर चपलेला धरत होतं.
शेडच्या पत्र्याखाली पंचेचाळीस,
साच्याला हात लावला की चटका,
आणि तुझी आई ओला टॉवेल डोक्यावर टाकून
कडक भाकरी डब्यात रचतेय,
जायचं कधी ते ठरलेलं नसताना.

एजंट हत्तरकी नवी पेठेत बसतो.
तो म्हणाला, फेब्रुवारी स्वस्त पडतो मामा,
लोक तळ्यावरनं चालत जातात तिकडं.
रेणुकाने पदर तोंडाला लावला.
कंबर तलावात जलपर्णी माजते तेव्हा
बगळा चालतो वरनं, तेवढंच आम्हाला ठाऊक.

चिलवेरी सर, भूगोलाचे, आता रिटायर,
त्यांनी वहीत रेघा मारून तक्ताच काढला.
सप्टेंबर, म्हणाले. पानं लाल होतात, बघण्यासारखी.
पानं?
रेणुकाच्या आईने चाळीस वर्षं पानंच बघितली,
तेंदूची, ओली करून, कात्रीनं कापून,
हजार विड्यांच्या हिशोबानं.
ती ऐकत होती. म्हणाली,
नुसती बघायची? कापायची नाहीत?
आणि बराच वेळ हसत राहिली.

जानेवारीचं मीच नको म्हटलं.
गड्ड्याची जत्रा टाकून, नंदीध्वजांना पाठ करून
कुठं जायचं ओ?

श्रावंतीनं एकदा फोटो पाठवला होता.
दोन तळ्यांच्या मध्ये उडी घेणारं पाणी,
काठाला लाल विटांची मिल, आणि चिमणी.
आपल्यासारखीच, खाली लिहिलेलं.
मिल बंद आहे, पण आत कॉफी मिळते.
माझा बाप भोंग्यावर उठायचा.
भोंगा बंद पडला, तरी साडेपाचला
तो अंथरुणात बसलेला असायचा,
पाय खाली सोडून, काही न बोलता.
तो फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून बघितला.
कॉफी पिणाऱ्यांत ती कुठं दिसली नाही.

मी जॉबर माणूस.
चांगलं कापड कुठं आहे ते मालक दाखवतो गिऱ्हाइकाला.
मला बोलावतात तुटल्या धाग्याजवळ,
तेही मशीन थांबल्यावर,
आणि तो डोळ्यांनी कमी, बोटांनी जास्त सापडतो.

एका रात्री दुसरी पाळी सुटल्यावर
शेडच्या पायरीवर बसून
गेल्या वर्षीचे तिचे फोन मोजले.
जूनमध्ये रोज. कधी दोनदा.
दिवाळीला आला, मोठा, सगळ्यांशी बोलली.
आणि नोव्हेंबरात चार.
त्यातला एक माझ्या लक्षात आहे,
इकडं सात वाजलेले, तिकडं साडेतीन,
दोन्हीकडं दिवे लागलेले.
काय नाही नाना, म्हणाली,
बर्फही धड पडत नाही, नुसतं ओलं आहे.
मग स्वयंपाकाचं विचारलं. मग साच्यांचं.
मग आमच्या गल्लीतल्या त्या लंगड्या कुत्र्याचं,
जे ती इथं होती तेव्हा
तिला आवडायचं नाही.

हत्तरकीला सांगितलं, नोव्हेंबर.
तो खुर्चीतनं पुढं झाला.
काय बघायलाव मामा नोव्हेंबरात?
काय सुदीक दिसत नाही तिकडं!
मी नोटा मोजत होतो, आकडा चुकला,
पहिल्यापासून मोजल्या.

आता शेजारच्या भंगारवाल्याचा काटा आणलाय.
तेवीस किलोच्या वर जाऊ देत नाहीत म्हणे.
दोन चादरी, तिला मोराची पाहिजे होती, ती मिळाली.
भाकरी, शेंगाचटणी तीन पुड्यांत.
सासूबाईंनी काय दिलंय ते पुडकं
रेणुका उघडू देत नाही.
अजून दीड किलो जागा आहे.
मी एक टॉर्च ठेवलाय त्यात.
रेणुका म्हणते, तिकडं काय लाईट जाते का?
जात नसेल.
सेल तेवढे वेगळे गुंडाळ, म्हटलं.