अकरा किलो चारशे

फिजिओ मॅडमच्या टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा उभा असतो,
कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.
चौथा-पाचवा मणका बोटाने हलवत त्या म्हणाल्या,
इथे. इथली गादी दबलीय.
काही उचलायचं नाही.
मी म्हटलं, बादली तर कधीच सोडली.
त्या म्हणाल्या, आणि मुलगी?

मुलगी पावणेदोन वर्षांची. शाल्मली.
तिला दूदू येतं, काऊ येतं, आणि घे.
घे म्हणताना दोन्ही हात वर.
दिवसातून किती वेळा, मी मोजलं एका रविवारी,
एकतीसनंतर सोडून दिलं.
दिगंबरने घ्यावं, तर तो सातपूरला बारा वर्षं प्रेसपुढे वाकलेला.
शर्टाच्या आत त्याचा स्वतःचाच पट्टा.
रात्री आम्ही दोघं एकाच ट्यूबमधलं मलम
एकमेकांच्या पाठीला लावतो.
लग्नाला सहा वर्षं झाली.

कॉलेज रोडच्या दुकानात छान गारवा होता.
नऊ हजार, ती मुलगी म्हणाली, इम्पोर्टेड आहे मॅम.
आमच्या पतसंस्थेत एवढ्यासाठी लोक
वर्षभर रिकरिंग भरतात, मीच शिक्के मारते.
मग फोनवरून सहाशेची मागवली.
पट्टे परकराच्या नाडीसारखे,
सगळं ओझं मानेवर,
पोरीचे पाय खाली लोंबत, जसे वाळत घातलेले.
परत पाठवली. पैसे अजून यायचेत.

शेवटी रविवार कारंजा, हातिमभाईंचं बॅगांचं दुकान.
दप्तरं, ट्रेकिंगच्या सॅक, आणि मध्ये टांगलेल्या
तीन-चार बेबी कॅरियर, धूळ झटकून काढलेल्या.
खांद्याला विचारू नका, ते म्हणाले, कमरेला विचारा.
पट्टा हाडावर बसला पाहिजे.
त्यांनी ट्रायलला बाहुली दिली.
रबराची. पोकळ.
मी म्हटलं, बाहुली नको, तांदूळ आणा.

शेजारच्या दुकानातून इंद्रायणी आला,
काट्यावर अकरा किलो चारशे,
दाणा इकडे नाही, तिकडे नाही.
गोणी छातीशी घेतली, बकल लावलं, टक्.
आणि मेन रोडवर चालत सुटले.
भांडीवाला बघतो, पैठणीवाला बघतो,
एक आजी थांबून म्हणाली, झाकलंस गं, ऊन लागेल त्याला.
पहिल्या कॅरियरला सराफ बाजाराच्या तोंडाशी कळ आली.
दुसऱ्या कॅरियरला दहीपुलापर्यंत काही नाही,
मग थोडी.
तिसरी मातकट रंगाची, कुणी न घेतलेली,
कमरेचा पट्टा चार बोटं रुंद, आत जाड फोम.
दहीपूल आला. गेला.
दुखत होतं, खोटं कशाला बोलू,
पण वरून उतरून खाली, कुठेतरी रुंद जागी,
पाहुणा दारातून उठून ओसरीवर बसावा तसं.

चौदाशे पन्नास. तेराशेला दिली.
तांदूळ तुम्हीच घ्या आता, दुकानदार म्हणाला,
एवढा फिरवलाय तुम्ही त्याला.

टाळूला ओठ टेकतील एवढ्या उंचीवर
शाल्मलीला बांधलं. पाय नीट दुमडले, बेडकासारखे.
गंगेवर जाऊ म्हटलं, पहिल्यांदाच सगळे पायी.
दिगंबर तांदळाची पिशवी या हातातून त्या हातात,
त्या हातातून या हातात.
रामकुंडापाशी कबुतरं दिसली
आणि पोरीने आजवर न म्हटलेला शब्द काढला.
खाली.
खाली, खाली, खाली.

उतरवलं. पळाली.
मी रिकामी कॅरियर घेऊन उभी,
दिगंबर कमरेवर हात ठेवून, पिशवी पायरीवर.
तो काही बोलला नाही, मीही नाही,
तांदूळ उचलून मी आत बसवला,
टक्.

पुलापर्यंत ती पुढे, आम्ही मागे.
मग वळून तिने माझ्या छातीवरची गोणी पाहिली,
नीट पाहिली,
कपाळाला आठ्या घातल्या,
दोन्ही हात वर केले
आणि म्हणाली, घे.