दम

एल आल्तोच्या चौकात,
समुद्रापासून चार हजार मीटर वर,
जिथे हवासुद्धा उधारीवर मिळते,
सातुर्निनो तिकोनाची मिनीबस
पाच चाळीसपासून अडकून पडली आहे.

पुढे कांद्याचा ट्रक.
मागे दुसरी मिनीबस, तिच्यामागे तिसरी,
आणि हॉर्न सगळ्यांचेच बरोबर.
दारात लटकलेला भाचा विल्देर
थांब्यांची नावं ओरडतोय,
जणू हाक मारली की थांबेच चालत येतील इकडे.

सातुर्निनोचे खांदे कानांना टेकलेत.
त्याला हे ठाऊक नाही.
त्याच्या बायकोला ठाऊक आहे.

निएवेसला आठवा महिना लागलाय.
गुरुवारी आरोग्य केंद्रात
फ्लोरिंदा नर्सनं बायकांना गोल बसवलं,
त्यांच्या पाठीशी नवरे, टेकू म्हणून.
म्हणाली, ओठांचा चंबू करा.
समोर मेणबत्ती आहे असं समजा.
ज्योत वाकली पाहिजे,
विझता कामा नये.

तो हसला होता.
इतक्या उंचावर जन्मलेल्या माणसाला
श्वास घ्यायला काय शिकवता, बाई?
घ्यायला नाही, ती म्हणाली, सोडायला.
घेणं सगळ्यांनाच येतं.

त्या रात्री अंधारात त्यानं करून पाहिलं,
निएवेस झोपल्यावर,
वडिलांच्या घरी सिगरेट ओढायचा तसं,
चोरून.

आता इथे,
बसच्या हप्त्याचा कागद काचेवर डकवलेला,
ब्रेक ढिला, डोळ्यांत कालची बारा तासांची वाळू,
त्यानं नाकानं हवा घेतली.
आली ती डिझेलची.
खोकला. ज्योत विझली.

पुन्हा.

मोजायला काहीतरी हवं.
डोक्यावरून केबल कारचे डबे चाललेत,
एकामागून एक, हॉर्न नसलेले.
याच डब्यांनी त्याचे निम्मे प्रवासी पळवले,
दोन वर्षं त्यानं त्यांना शिव्या घातल्या.
आज एक डबा खांबापर्यंत येईतो श्वास आत,
मग दोन डबे जाईतो बाहेर,
हळू,
चंबूतून,
ज्योत वाकवत.

दुसऱ्या खेपेला जबडा सुटला.
चौथ्या खेपेला स्टिअरिंगवरची बोटं
आपल्याला दहा नखं आहेत हे आठवून सैल झाली.
खांदे केव्हा उतरले ते कळलं नाही,
कानांना मात्र थंड वारा लागला.
ट्रॅफिक होतं तिथेच होतं.

काय होतंय मामा? विल्देर घाबरला. छातीत दुखतंय?
मागच्या सीटवर, वाळवलेल्या बटाट्यांच्या पोत्यावर
हात ठेवून बसलेली म्हातारी बोलली,
गप रे. समान्या करतोय तो.

आयमारात हा एकच शब्द आहे,
श्वास घेण्याला आणि विसावा घेण्यालाही.
मला कोणी सांगितलं तेव्हा नवल वाटलं,
आणि मग नवल वाटल्याचंच नवल.
आपण तरी काय करतो?
चढण चढून आलेल्याला म्हणतो, बस, जरा दम घे.
त्याच दमानं माणूस दमतो,
तोच दम आपण पोरांना देतो,
तोच लागतो, कोंडतो, उखडतो,
आणि शेवटी
घ्यायचाही तोच असतो.

थकवा गेला नाही, बरं का.
चौदा डब्यांत जात नसतो कुणाचाच थकवा.
फक्त तो खांद्यावरून उतरून
शेजारच्या सीटवर जाऊन बसला,
तिकीट न काढता,
मांडीवर हात ठेवून.

तेवढ्यात कांद्याचा ट्रक हलला.
पुढे दोन हात मोकळा रस्ता,
या चौकात एवढाही कधी मिळत नाही,
आणि मागची अख्खी रांग
पहिल्यांदाच
फक्त त्याच्या नावानं ओरडली.

सातुर्निनोनं गिअरवर हात ठेवला.
दुसरा डबा अजून खांबापाशी पोचायचा होता.

अरे हो, हो.
दम धरा जरा.