सप्तमी

चरईतलं दुकान साडेनऊला बंद करतो हल्ली.
शटर अर्धं खाली, आत एकच ट्यूब,
काउंटरवरची इन्सुलिनची खोकी सारून
वही उघडतो.
वही एकोणनव्वदची.
दोनशे पानी, अठ्ठावीस भरलेली,
कडेला फादर बोनिफास यांची लाल शाई:
‘शेपूट विसरलास. शब्द शेपटीनं पोहतो.’

शनिवारी चर्चमागच्या खोलीत शिकवायचे.
फी म्हणजे त्यांच्या दम्याच्या गोळ्या.
मला तेव्हा फक्त चिठ्ठ्या नीट वाचायच्या होत्या –
बिस इन दीए, दिवसातून दोनदा;
होरा सोम्नी, झोपायच्या वेळी.
तिसऱ्या गणापर्यंत आलो, मग दुकान आलं,
कर्ज आलं, वृषाली आली,
फादर वसईला गेले.

आता छप्पन्नाव्या वर्षी तोच गण.
जिथे बुडालो होतो
तिथे पाणी अजून तेवढंच.
रेक्स, रेगिस, रेगी.
रात्री पाठ होतं, सकाळपर्यंत पुसलं जातं,
आणि बीपीच्या गोळ्या मोजताना अचानक तोंडातून
‘रेगिबुस’.
काय म्हणालात? – गिऱ्हाईक.
काही नाही. सुट्टे द्या.

मंदार, माझा पोरगा, विचारतो,
कुणाशी बोलणार ही भाषा?
खरंय. बोलणारे सगळे वारले
आणि मी औषधवाला, उशिरा पोचलेला.

पातेर, पात्रिस.
म्हणजे फादर स्वतःच तिसऱ्या गणातले!
दोन पानं पुढे असते, मी थांबलो नसतो तर.

काल मात्र एक तळटीप सापडली, बारीक टायपात:
सप्तमी या भाषेतून जवळजवळ गेली,
उरली गावांच्या नावांत आणि चारदोन शब्दांत.
दोमी: घरी.
रूरी: गावी.
पेन खाली ठेवलं.
त, ई, आ – बाकावर उभं राहून घोकलेलं.
त्यातला ‘त’ सगळीकडे राबतो,
ठाण्यात, बाजारात, कर्जात.
ती जुनी ‘ई’ मात्र
घरी, दारी, गावी. बस.
दोघी भाषांनी, एकमेकींना न विचारता,
घरातलं सगळं मोडीत काढलं
आणि नेमकं हेच भांडं ठेवून घेतलं.

एकोणतिसाव्या पानावर लिहिलं: दोमी.
शेपूट तपासलं. लाल शाईला जागा सोडली, सवयीनं.

तेवढ्यात वृषालीचा फोन. कुठे आहात?
दुकानात, म्हणालो,
आणि माझाच ‘त’
ऐकत राहिलो.