जायफळ

सातला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते,
परदेशीपुऱ्यातली दारं एकदम उघडतात,
आमचं सोडून.
आमची पिवळी पिशवी दुपारी वेगळा माणूस नेतो,
लांबूनच हात पुढे करतो,
जणू मी त्याला साप देतोय.

प्रफुल्ला वर आहे, गच्चीलगतच्या खोलीत.
आज नववा दिवस.
चौदावा बरोबर नाताळला येतो, पण दवाखाना म्हणतो,
सतरा धरा.
तिथलीच नर्स ती, तिच्याशी वाद कोण घालणार?

वरून तिसऱ्या पायरीवर मी ताट ठेवतो,
कठड्यावर चमचा दोनदा वाजवतो, खाली येतो.
मग तिची पावलं. मग ताट सरकल्याचा आवाज.
बारा वर्षांत
तिची पावलं इतकी कान देऊन ऐकली नव्हती.
डावा पाय जरा ओढते ती.
केव्हापासून, कोण जाणे.

सकाळ-संध्याकाळ फोनवर एक आकडा येतो.
मी सातवीला गणित शिकवतो, ओट्यावर लॅपटॉप ठेवून,
निम्मी मुलं नुसती नावं असतात काळ्या चौकोनात.
पंच्याण्णव आणि शहाण्णव
यांच्यामध्ये केवढी जागा असते
हे मला पुस्तकाने कधी सांगितलं नव्हतं.
बेथनी ते यंत्र सगळ्यांच्या बोटांना लावते.
काल मांजरीच्या पंजाला लावलं.
मांजरीचं काही आलं नाही,
तर रडायला लागली.

यंदा गाण्यांची फेरी नाही, कोणाच्या अंगणात चहा नाही.
रविवारची उपासना फोनवर,
अठ्ठावीस घरं, अठ्ठावीस वेगवेगळी कडवी,
आणि पाळकसाहेब दहा मिनिटं
मनापासून, हात उंचावून, म्यूटवर.
आप्पा म्हणाले, आजचं प्रवचन चांगलं झालं.

करंज्या मात्र करायच्याच, असा वरून हुकूम.
फोन मैद्याच्या डब्याला टेकवलेला.
मोहन किती?
मुठीत वळेल इतकं.
कोणाच्या मुठीत, तुझ्या की माझ्या?
तिचं हसू आधी जिन्यातून येतं, मग फोनमधून,
एकच हसू दोनदा.
मग खोकला, तोही दोनदा.
मी पीठ मळत राहतो,
ते केव्हाच मळून झालेलं असतं.

आप्पांना सप्टेंबरात होऊन गेला.
तेव्हापासून त्यांचं नाक बंद दुकानासारखं.
पहिला घाणा जळला तेव्हा
ते कढईपासून दोन हातांवर बसून
पेपर वाचत होते, प्रसन्न.

संध्याकाळी बेथनीने माळ्यावरचा तारा काढला.
पाचातलं एक टोक उंदरांनी खाल्लेलं.
लाल कागद घ्यायला राजवाड्यापर्यंत जाणार कोण,
आणि आमच्या हातून पैसे घेणार कोण?
तिने आप्पांच्या छातीचा एक्स-रे मागितला.
मी नाही म्हणणार होतो.
आप्पा म्हणाले, घे, माझं त्याच्याशी काम झालंय.
कात्री चालवताना त्यांनीच धरून दिला,
बरगड्या सरळ याव्यात म्हणून.

आता दारावर तारा लागलाय,
चार टोकं लाल, एक राखाडी.
समोरच्या पोरवाल भाभी गॅलरीतून विचारतात,
"भाईसाब, ये क्या डिझाइन है?"
मी हात जोडतो. त्याही जोडतात.
मघाशी त्यांनी दोरीने गराडू सोडले होते आमच्या फाटकात,
वर जिरावण, कागदाच्या पुडीत, गरम.

रात्री मी चार करंज्या ठेवल्या तिसऱ्या पायरीवर,
त्यातल्या त्यात न फुटलेल्या.
चमचा वाजवला.
खाली येऊन भांडी घासत बसलो.
बराच वेळ काही नाही.
मग ओल्या हातानेच फोन उचलला.

"जायफळ जास्त झालंय."

मी तीनदा वाचलं.
मग मोठ्याने वाचलं, बेथनीला उठवून वाचून दाखवलं,
ती डोळे चोळत म्हणाली, मग?
आप्पांच्या खोलीत जाऊन वाचलं.
अंधारात ते थोडा वेळ गप्प होते.

मग म्हणाले,
जायफळ होतं त्यात?