कुसळ

लेर्विक बंदर. रात्रीचे दहा, तरी उजेड
ताकासारखा पातळ, संपता संपत नाही.
पहाटे आमची छोटी बोट निघेल बर्फाच्या कडेपर्यंत.
माणसं बासष्ट. अस्वलं दिसली तर दिसली.

त्याआधी झडती.
सामानाची नाही, बियांची.
बुटांचे तळवे, खिशांचे कोपरे, वेल्क्रोचे दात,
सगळं व्हॅक्युमच्या तोंडी.
तपासणारी पोरगी इथलीच. नाव इंगा.
मी एकटीच हसले. कुणाला सांगू,
आमच्याकडे इंगा दाखवतात म्हणून.

तिने दाखवलाच.
पँटीच्या दुमडीतून चिमट्याने काढलं
एक कुसळ.
पँट ह्यांची. गुडघ्यांमुळे आले नाहीत,
"पँट तरी जाऊन येऊ दे" म्हणाले.
म्हणजे हे सासवडच्या माळावरचं,
पासपोर्टावाचून इथवर.

"हे काय?"
इंग्रजीत मला शब्द सापडेना.
कपातल्या पाण्याचा एक थेंब त्याच्यावर सोडला.

आणि कुसळाने पीळ सोडायला घेतला,
सावकाश, मिनिटकाट्याच्या चालीनं,
टोक खाली करून
स्टीलच्या टेबलात
माती शोधत.

देवमासे बघायला आलेली माणसं
दुर्बिणी गळ्यात तशाच लोंबत ठेवून
वाकली.

नियम तो नियम.
इंगाने ते पिशवीत घातलं, चिकटपट्टी लावली,
पेनाचं टोपण दातांत धरून नाव विचारलं.
"कुसळ," मी म्हटलं.
ळपाशी तिची जीभ अडली.
टोपण काढलं. पुन्हा म्हणाली.
पुन्हा.